लोखंडी गेट, रेलिंग व जुन्या ग्रिल्सना पावडर कोटिंग : दरांत एवढा फरक कशामुळे? (नाशिक)

गंगापूररोड_रहिवासी

नमस्कार. गंगापूर रोडवरील आमच्या घराचे काम शेवटच्या टप्प्यात आले आहे. मुख्य गेट, जिन्याचे व गच्चीचे रेलिंग आणि जुन्या घरातून काढून आणलेल्या खिडक्यांच्या ग्रिल्स यांना ऑइल पेंटऐवजी पावडर कोटिंग (कोरडी रंगीत पावडर मारून ओव्हनमध्ये भाजून पक्का केलेला थर) करून घ्यायचे ठरले आहे. सातपूर व अंबड औद्योगिक वसाहतींत चौकशी केली असता एका ठिकाणी १८ रुपये चौरस फूट, दुसऱ्या ठिकाणी ३४ रुपये चौरस फूट असा दर मिळाला, तर तिसऱ्याने चौरस फुटाचा विषयच न काढता २० रुपये किलो असे सांगितले. रंग तिघांनाही एकच सांगितला होता : गडद राखाडी, मॅट. जुन्या ग्रिल्सबाबत मात्र ‘माल पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही’ हेच उत्तर सगळीकडे मिळाले.

रेलिंग २५ मिलिमीटरच्या चौकोनी पाइपचे आहे आणि फॅब्रिकेटरचे कटिंग नुकतेच सुरू झाले आहे. ग्रिल्स १२ मिलिमीटरच्या भरीव चौकोनी सळ्यांच्या असून त्यांवर ऑइल पेंटचे अनेक थर आहेत. यातला कोणता दर रास्त मानावा, हे दर नेमके कशाकशावर ठरतात आणि काम सोपवण्याआधी कोणत्या गोष्टी लेखी घ्याव्यात, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

सातपूरकर

मी या व्यवसायात उत्पादनाची बाजू पाहतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. तिघांनीही आपापल्या परीने बरोबर दर दिलेला असू शकतो, कारण बहुधा तिघांच्या डोळ्यांसमोर तीन वेगळी कामे आहेत. पावडर गनमधून मारणे हा या कामातला दिसणारा भाग असतो. खर्चाचा आणि टिकाऊपणाचा मोठा भाग पावडर मारण्याआधीच होऊन गेलेला असतो.

नव्या पाइपवर कारखान्यातले तेल असते, आणि गरम रोल केलेल्या पट्टीवर किंवा अँगलवर काळपट पापुद्रा असतो. रीतसर काम करणारा कारखाना माल आधी डिग्रीजिंगच्या (तेल काढण्याच्या) टाकीत बुडवतो, धुतो, मग आम्लाच्या टाकीत गंज व पापुद्रा काढतो, पुन्हा धुतो, त्यानंतर फॉस्फेटिंग करून पृष्ठभागावर झिंक फॉस्फेटचा बारीक स्फटिकांचा थर आणतो, परत धुतो, शेवटी पॅसिव्हेशन (तो थर गंजाविरुद्ध पक्का करणारी प्रक्रिया) करून माल वाळवतो. यालाच बोलीत ‘सेव्हन टँक’ म्हणतात. या टाक्यांतली रसायने वेळोवेळी तपासावी व बदलावी लागतात, तळाशी साचलेल्या गाळाची आणि सांडपाण्याची नियमाप्रमाणे विल्हेवाट लावावी लागते, शिवाय माल टाकीतून टाकीत हलवायला माणसे लागतात. हा सगळा खर्च दरात येतो. दुसरीकडे, पाइप थिनरच्या फडक्याने पुसून, पॉलिश पेपर मारून थेट पावडर मारणारेही आहेत. दोन्हीकडचा माल ताब्यात घेताना सारखाच सुबक दिसतो. पहिल्या पद्धतीत ओरखडा पडला तरी गंज त्या जागेपुरता राहतो. दुसऱ्या पद्धतीत तो थराखालून पसरत जातो आणि एक-दोन पावसाळ्यांनंतर वेल्डिंगच्या सांध्यांपाशी व खालच्या कडांवर फुगवटे येऊ लागतात. १८ आणि ३४ मधला फरक निम्म्याहून अधिक इथला असेल, असा माझा अंदाज आहे.

दुसरा मुद्दा पावडरच्या जातीचा. इपॉक्सी पावडर रसायनांना उत्तम तोंड देते, परंतु उन्हात तिची चमक जाते आणि हात लावला की खडूसारखी भुकटी बोटांना लागते. इपॉक्सी-पॉलिएस्टर मिश्र पावडर स्वस्त असते आणि कपाटे, टेबले, रॅक अशा घरातल्या वस्तूंना ती पुरेशी ठरते. गेट व गच्चीचे रेलिंग वर्षभर उघड्यावर राहणार असल्याने तेथे शुद्ध पॉलिएस्टरच हवी. नुसते ‘चांगल्या कंपनीची पावडर’ एवढे आश्वासन पुरेसे नाही, कारण एकच कंपनी या तिन्ही जाती विकते. खोक्यावरील लेबल पाहण्याचा आग्रह धरावा.

थराची जाडी साधारणपणे ६० ते ८० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) अपेक्षित असते. १.५ विशिष्ट गुरुत्व असलेल्या एक किलो पावडरमध्ये ६० मायक्रॉनचा थर हिशेबाने ११ चौरस मीटरपर्यंत जातो, पण रेलिंगसारख्या जाळीदार कामात बरीच पावडर पाइपांच्या मधून निसटते. लहान कामासाठी वेगळा रंग लावला असेल, तर ती गोळा करून पुन्हा वापरणेही परवडत नाही. त्यामुळे प्रत्यक्षात याच्या निम्मे क्षेत्र झाले तरी ते वाजवी समजावे.

लोहकाम_सिन्नर

सातपूरकरांनी कारखान्याची बाजू उत्तम मांडली आहे. फॅब्रिकेशनच्या बाजूने काही गोष्टी सांगतो, आणि आपले कटिंग नुकतेच सुरू झाले असल्याने त्या आजच फॅब्रिकेटरच्या कानावर घालाव्यात.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नव्या कामाला रेड ऑक्साइड (गंजरोधक तांबडा प्रायमर) लावू देऊ नये. आपल्याकडे वेल्डिंग संपले की सवयीने रेड ऑक्साइडचा हात मारला जातो. पावडर कोटिंगसाठी तो संपूर्ण काढावा लागतो आणि त्याचे पैसे वेगळे पडतात. तसेच सांध्यांतल्या खाचा भरायला नेहमीची पुट्टी वापरू नये. ओव्हनमध्ये माल १८० ते २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो आणि ती तडकते. वेल्डिंग पूर्ण भरून ग्राइंड करावे, छर्रे छिन्नीने काढावेत. बेअरिंगचे बिजागर, कुलूप, रबर व प्लॅस्टिकची चाके कोटिंग झाल्यावर बसवावीत, कारण बिजागरात भरलेले ग्रीस ओव्हनमध्ये वितळून खालच्या पाइपवर ओघळते आणि तेवढ्या पट्ट्यात पावडर धरत नाही.

पोकळ पाइपच्या वेल्डिंगला सुईएवढे छिद्र राहिले, तर टाकीतले आम्ल व पाणी आत शिरते, ओव्हनमध्ये उकळून त्याच छिद्रातून बाहेर येते आणि तयार मालावर तपकिरी ओघळ उमटतो. यासाठी प्रत्येक बंद पाइपला न दिसणाऱ्या बाजूने निचऱ्याचे छिद्र मुद्दाम ठेवावे. अशी छिद्रे असलेला माल कोटरला लवकर वाळवता येतो, आणि त्याचे काम सोपे झाले की दराची बोलणीही सोपी होतात.

कारखान्याच्या ओव्हनची आतली लांबी-उंची आधी विचारून घ्यावी आणि रेलिंगचे तुकडे त्या मापाने करून ते नटबोल्टने जोडायची सोय ठेवावी. कोटिंगनंतर जागेवर वेल्डिंग करावे लागले, तर तेवढा थर जळतो आणि तेथे डबीतल्या रंगाने टच-अप करण्यावाचून मार्ग राहत नाही.

गंगापूररोड_रहिवासी

दोघांचेही मनःपूर्वक आभार. रेड ऑक्साइडबद्दल फॅब्रिकेटरशी लगेच बोललो. तो उद्याच लावणार होता. पाइपची जाडी २ मिलिमीटर आहे. किलोचा दर चौरस फुटात कसा बदलायचा, हे कोणी समजावून सांगेल का? आणि चौरस फूट म्हणजे नेमका कोणता, हा प्रश्नही आता पडला आहे.

सातपूरकर

हा प्रश्न फार मोलाचा आहे, कारण भांडणे बहुधा इथेच होतात. एक मीटर लांब आणि ९०० मिलिमीटर उंच रेलिंग धरू. दर १०० मिलिमीटरवर एक उभा पाइप, वर व खाली एकेक आडवा पाइप. म्हणजे एकूण सुमारे ११ मीटर पाइप झाला. २५ मिलिमीटरच्या चौकोनी पाइपचा घेर १०० मिलिमीटर असल्याने प्रत्यक्ष रंगणारे क्षेत्र १.१ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ११.८ चौरस फूट.

आता १८ रुपयेवाला समोरून एकाच बाजूचे माप धरत असेल, तर ते ०.९ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ९.७ चौरस फूट होते आणि बिल १७४ रुपये येते. तोच दोन्ही बाजू मोजत असेल, तर बिल ३४९ रुपये. ३४ रुपयेवाला प्रत्यक्ष पृष्ठभाग मोजत असेल, तर ४०३ रुपये. किलोवाल्याचा हिशेब असा : २ मिलिमीटर जाडीचा हा पाइप मीटरला साधारण १.४४ किलो भरतो, ११ मीटरचे वजन १५.८ किलो, बिल ३१७ रुपये. पाइप १.२ मिलिमीटर जाडीचा असता, तर वजन १० किलोच्या आत आले असते आणि बिल २०० रुपयांखाली, रंगणारे क्षेत्र मात्र तेवढेच. म्हणून माप ठरल्याशिवाय दरांची तुलना करू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

किलोचा दर पातळ पत्र्याच्या किंवा पातळ पाइपच्या मालाला ग्राहकाच्या फायद्याचा असतो आणि भरीव मालाला तोट्याचा. आपल्या ग्रिल्सची १२ मिलिमीटरची सळई मीटरला १.१३ किलो भरते, पण तिचा घेर अवघा ४८ मिलिमीटर. २० रुपये किलोने तिला प्रत्यक्ष चौरस फुटास जवळपास ४४ रुपये पडतात, आणि त्यात जुना रंग काढण्याची मजुरी धरलेलीच नाही. किलोच्या दराला एक आधार जरूर आहे : क्युरिंगची (ओव्हनमध्ये थर भाजून पक्का करण्याची) १० ते २० मिनिटे धातू ठरलेल्या तापमानाला पोहोचल्यापासून मोजायची असतात, आणि जाड माल तेथे पोहोचायला जास्त वेळ व इंधन खातो. घाईत लवकर बाहेर काढलेला जाड माल बाहेरून व्यवस्थित दिसतो, पण त्याचा थर ठिसूळ राहतो.

ऋतुजा_इंदिरानगर

मी अंतर्गत सजावटीची कामे करते. रंगाच्या निवडीचा खर्चाशी किती संबंध असतो, हे ग्राहकांना क्वचितच सांगितले जाते, म्हणून लिहिते. प्रत्येक रंगबदलाच्या वेळी बूथ (पावडर मारण्याची बंदिस्त जागा), गन, नळ्या आणि पावडरची टाकी झाडून-पुसून स्वच्छ करावी लागते, आणि त्या वेळात उत्पादन थांबते. त्यामुळे लहान कामाला पुष्कळदा किमान शुल्क लावले जाते. शिवाय पावडर सहसा २० किंवा २५ किलोच्या खोक्यात येते. आपल्या सगळ्या कामाला त्यातली थोडीच लागली आणि तो रंग कारखान्याला पुन्हा लागणारा नसला, तर उरलेल्या खोक्याची किंमत या ना त्या रूपाने आपल्याच बिलात येते. मेटॅलिक छटांचे प्रश्न आणखी वेगळे असतात, कारण त्यांत पुनर्वापर केलेली पावडर मिसळली की छटा बदलते.

गडद राखाडी, मॅट हवा असल्याचे आपण लिहिले आहे. आरएएल या रंगक्रमांकांच्या पद्धतीतली ७०१६ ही गडद राखाडी छटा खिडक्या व दर्शनी कामांसाठी सर्रास वापरली जाते, त्यामुळे ती कारखान्यात चालू असण्याची शक्यता चांगली आहे. ‘या छटेचा लॉट पुढे कधी लागणार आहे, आमचा माल त्यात घ्याल का?’ असे सरळ विचारावे. थोडे थांबायची तयारी असेल, तर दर उतरू शकतो. वेल्डिंगच्या सांध्यांवर किरकोळ खडबडीतपणा राहिलाच, तर बारीक टेक्स्चर तो झाकून घेते, हाही एक पर्याय आहे.

जुन्या ग्रिल्सबाबत मात्र मी आपल्याला पावडर कोटिंगचा सल्ला देणार नाही. सळ्या जेथे पट्टीतून आरपार जातात किंवा पट्टीवर पट्टी बसते, तेथे अनेक वर्षांचा गंज आत दडलेला असतो. आम्लाच्या टाकीत बुडवले, तर आम्ल त्या फटीत अडकते आणि वर कितीही उत्तम थर दिला तरी तेथूनच गंज पुन्हा डोके वर काढतो.

सातपूरकर

फटींबाबत ऋतुजाताईंचे म्हणणे अगदी योग्य आहे. अशा ग्रिल्स आम्लात बुडवूच नयेत. तरीही भरीव सळईचा माल मजबूत असतो आणि केवळ फटींपायी तो नाकारावा, असे मला वाटत नाही. त्यांना ब्लास्टिंग करावे. वेगाने मारलेल्या ग्रिटने (कठीण, बारीक कणांनी) रंग व गंज दोन्ही निघतात, आणि पृष्ठभागाला जी खरबरीत पकड येते, ती थराला हवीच असते. फक्त ब्लास्टिंग झालेला माल उघडा पडू देऊ नये, पावसाळ्याच्या दमट हवेत तर काही तासांतच त्यावर तांबूस झाक येते. त्यावर झिंकयुक्त इपॉक्सी प्रायमर पावडर आणि वरून पॉलिएस्टर, असे दोन थर दिले तर काम दीर्घकाळ टिकते. मात्र माल दोनदा बूथमधून व ओव्हनमधून जातो, त्यामुळे खर्च त्या प्रमाणात वाढतो. ग्रिल्स घराच्या आतल्या बाजूला बसणार असतील, तर एवढे करण्याची गरज नाही. ब्लास्टिंग आणि एक थर पुरे.

लोहकाम_सिन्नर

ग्रिल्सपुरते एक सांगतो. ब्लास्टिंगसह मिळालेला एकूण आकडा नव्या ग्रिलच्या खर्चाजवळ जात असेल, तर नवीन करून घ्याव्यात. जुन्या नक्षीचा जिव्हाळा असेल, तर गोष्ट वेगळी.

गंगापूररोड_रहिवासी

नक्षीचा जिव्हाळा आहेच. त्या आजोबांनी करून घेतल्या होत्या आणि आता दिवाणखान्यात आतल्या बाजूने बसणार आहेत. तेव्हा त्यांना ब्लास्टिंग आणि एक थर. गेट व रेलिंगसाठी तिन्ही ठिकाणी आता सारखीच माहिती मागतो : प्रत्यक्ष पृष्ठभागाचा दर, पूर्वप्रक्रियेच्या पायऱ्या, पावडरची कंपनी व जात, किमान जाडी, आणि दर जीएसटी व वाहतूक धरून आहे की वगळून. माल ताब्यात घेताना काय तपासावे, एवढे कोणी सांगितले तर फार उपकार होतील.

सातपूरकर

जाडी मोजायचे छोटे यंत्र बहुतेक कारखान्यांत असते. ते आपल्यासमोर लावायला सांगावे. सपाट भागावर जाडी सहज मिळते, म्हणून दोन पाइप मिळतात त्या आतल्या कोपऱ्यांत आणि गेटच्या चौकटीच्या बेचक्यांत मोजावे. विद्युतभारित पावडर अशा खोलगट जागी शिरायला नाखूश असते आणि तेथे गन हाताने, सावकाश फिरवावी लागते. घाईचे काम असेल, तर तेथेच ३० मायक्रॉन निघतात. क्युरिंग पाहायचे असेल, तर दर्शनी नसलेल्या जागी थिनरने भिजवलेले पांढरे फडके थोडे दाबून वीसेक वेळा घासावे. फडक्याला किंचित रंग लागणे चालते. थर मऊ पडून भरपूर रंग उतरला, तर माल कच्चा भाजला आहे असे समजून तो ओव्हनमध्ये परत घालायला सांगावे.

आणि माल नेताना तुकड्यांमध्ये फोम किंवा बबलचा कागद घालूनच टेम्पोत भरायला लावावे. वाहतुकीतले ओरखडे कोणाच्या खात्यावर, हे दराच्या कागदावरच लिहून घ्यावे.