जर्मनीच्या प्रवासासाठी प्रीमियम कार्ड घ्यावं का? आमचा वर्षाचा खर्च खाली मांडलाय

हिशोबवही, नाशिक

नमस्कार मंडळी. मी शाळेच्या ऑफिसात हिशोब पाहते, यजमानांचं सिडकोत इलेक्ट्रिक सामानाचं दुकान आहे. आजवर आमच्या घरात क्रेडिट कार्ड आलेलं नाही. उधारीची वस्तू घरात नको, हा सासऱ्यांचा नियम त्यांच्यामागेही आम्ही पाळला. पण लेक श्टुटगार्टला एमएस करते आहे, जुलैत तिचं पदवीदान आहे आणि आम्ही दोघं जाणार आहोत. आयुष्यातला पहिला परदेश प्रवास. तिथल्या हॉटेलांना कार्ड लागतंच, असं लेक म्हणते.

आमचं खातं आणि ठेव एचडीएफसीत आहे. तिथून रेगालिया गोल्ड हे प्रीमियम कार्ड प्री-अप्रूव्हड असल्याचं कळलं. फी २,५०० आणि वर जीएसटी. मुलगा म्हणतो, ते नको, एसबीआयचं कॅशबॅक कार्ड घे, फी ९९९, पॉइंटबिंटची भानगड नाही. मी दोन्हीची माहितीपत्रकं छापून आणली आणि पेन्सिलने खुणा करत वाचली. तरी निर्णय होत नाही.

गेल्या वर्षीच्या वहीवरून, कार्डावर जाऊ शकेल असा आमचा वर्षाचा खर्च:

डीमार्ट ४८,०००. पेट्रोल ५४,०००. वीज, गॅस, मोबाइल, इंटरनेट मिळून ४६,०००. एलआयसी आणि मेडिक्लेम ९२,०००. ऑनलाइन खरेदी, त्यात यजमानांची औषधंही आली, ८४,०००. कपडे, हॉटेल, इतर दुकानं ६०,०००. झाले ३,८४,०००. यंदा त्यात दोन विमान तिकिटं धरली १,३०,००० आणि तिकडची हॉटेलं साधारण ७०,००० (युरोत, तिथेच द्यायचे). एकूण ५,८४,०००. दूध, भाजी, कोपऱ्यावरचा वाणी यूपीआयवर चालतो, तो यात धरलेला नाही.

आता खरी गोष्ट सांगते. माझा जीव अडकलाय तो लाउंजमध्ये, म्हणजे रेगालियावर विमानतळावरच्या ज्या जागेत बसायला-जेवायला मिळतं तिथे. यजमानांना इन्सुलिन आहे. रात्री साडेआठला सुई आणि त्यानंतर लगेच जेवण, यात अर्धा तासही मागेपुढे झालेला चालत नाही. विमान पहाटेचं, आम्ही नाशिकहून दुपारीच निघणार. जेवणाच्या वेळी आम्ही विमानतळावर असू. बसायला शांत जागा आणि गरम अन्न मिळणार असेल तर तीन हजार फी मला जड नाही. पण त्या एका रात्रीसाठी दरवर्षीचं कार्ड गळ्यात पडू नये, एवढंच. जाणकारांनी आकड्यांत सांगावं.

---

आकडेमोड, पुणे

ताई, तुम्ही खर्च इतका नीट लिहिलाय की उत्तर देणं सोपं झालं. बहुतेक लोक इथे "कोणतं कार्ड बेस्ट" एवढंच विचारतात आणि मग कोणालाच काही सांगता येत नाही.

आधी रेगालिया गोल्ड. १५० रुपयांना ४ पॉइंट. पेट्रोलवर नाहीत. म्हणजे यंदा ५,३०,००० वर साधारण १४,१०० पॉइंट. आता पॉइंटची किंमत किती, हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. स्मार्टबायवर, म्हणजे एचडीएफसीच्या बुकिंगच्या साइटवर, विमान किंवा हॉटेल बुक केलंत तर एक पॉइंट ५० पैशांचा, म्हणजे सात हजार. तेच पॉइंट बिलात वळते केलेत तर २० पैशांचा, म्हणजे २,८०० च्या आसपास. पॉइंट तेच, ते कुठे मोडता यावर किंमत अडीचपट बदलते.

शिवाय वर्षात ५ लाख झाले की ५,००० चं विमान व्हाउचर, आणि फी भरल्यावर सुरुवातीला २,५०० चं व्हाउचर. फी जीएसटीसह २,९५०. सगळं विमानातच वापरलंत तर यंदा हाती साडेअकरा हजारांचा फायदा दिसतो. कागदावर हे कार्ड जिंकतं, हे मी लपवणार नाही.

पण हे पॉइंट आणि ते व्हाउचर जर्मनीच्या तिकिटांना लागणार नाहीत. तिकिटं काढल्यावर, खर्च झाल्यावर ते खात्यात येतील. मग पुढचा विमानप्रवास कधी, हे तुम्ही ठरवायचं. पॉइंटांची मुदत दोन वर्षं. त्या काळात उडणार नसाल तर तुमच्यासाठी एका पॉइंटची किंमत २० पैसे, बस.

आणि पुढच्या वर्षी? खर्च पुन्हा ३,८४,०००. फी माफ व्हायला ४ लाख लागतात. तुम्ही सोळा हजारांनी चुकताय. मग ते सोळा हजार गाठायला नको असलेली वस्तू घेतली जाते. माझ्या घरी दोन वर्षं असंच झालं, मार्चअखेरीस मिक्सर आणि बॅगा आल्या. म्हणून नेहमीच्या वर्षाचं गणित असं: ८,८०० पॉइंट, विमानात ४,४००, वजा फी २,९५०, उरले १,४५०. रोख घेतलेत तर उलट खिशातून जातील.

आता एसबीआय कॅशबॅक. ऑनलाइन ५ टक्के, दुकानात स्वाइप केलं तर १ टक्का. वीज, विमा, पेट्रोल यांवर शून्य. नेहमीच्या वर्षी: ऑनलाइनचे ४,२०० आणि दुकानांचे १,०८०, आणि वर्षात २ लाखांच्या वर खर्च झाल्याने पुढची फी माफ, म्हणजे ५,२८० रोख. ते बिलातून आपोआप वजा होतात, कुठे मोडायला जावं लागत नाही.

यंदा विमान तिकिटांवरही ५ टक्के, म्हणजे ६,५००. मात्र एका बिलाच्या महिन्यात कॅशबॅक ५,००० च्या वर मिळत नाही. एक तिकीट बिलाच्या तारखेआधी आणि दुसरं नंतर काढलंत तर दोन्हीवर पूर्ण मिळेल.

एक जुनी आठवण करून देतो. ॲक्सिस बँकेच्या मॅग्नस कार्डावर महिन्याला एक लाख खर्च केले की २५,००० पॉइंट मिळायचे. १ सप्टेंबर २०२३ पासून ते बंद झालं आणि फी १०,००० वरून १२,५०० झाली. एसबीआय कॅशबॅक सप्टेंबर २०२२ मध्ये आलं तेव्हा त्यावर लाउंज होतं, मे २०२३ पासून नाही. मी वर दिलेले आकडे फेब्रुवारी २०२५ चे आहेत. पाच वर्षांचा हिशोब यावर बांधू नका, एका वर्षाचा बांधा.

---

नेकारकाठची, जर्मनी

काकू, लेकीचं अभिनंदन! मी श्टुटगार्टजवळच राहते, आठ वर्षं झाली. माझे आईबाबा तीनदा येऊन गेले, म्हणून युरोबद्दल थोडं सांगते.

त्या ७०,००० वर दोन्ही कार्डं पैसे घेतात. रेगालिया गोल्डचा मार्कअप, म्हणजे परदेशी चलनातल्या खर्चावरचं जादा शुल्क, २ टक्के, त्यावर जीएसटी, म्हणजे २.३६. सुमारे १,६५० रुपये. एसबीआय कॅशबॅकचा ३.५ टक्के, जीएसटीसह ४.१३, म्हणजे जवळजवळ २,९००. मार्कअप न घेणारी कार्डंही आहेत: फेडरल बँकेचं स्कॅपिया, किंवा आयडीएफसी फर्स्टचं वॉव, जे ठेवीवर मिळतं. पहिल्यांदाच कार्ड घेणाऱ्याला ठेवीवरचं कार्ड मिळणं सोपं. माझ्या बाबांनी तेच घेतलं.

इथे मशीन कधीकधी विचारतं, "युरो की रुपये?" दर वेळी युरोच दाबायचं. रुपये दाबले की दर दुकानवाल्याच्या मशीनचा लागतो आणि तो वाईट असतो. आईने पहिल्या वेळी रुपये पाहून आनंदाने तेच दाबलं होतं, दोनशे युरोंच्या बिलात सात-आठ युरो जास्त गेले.

भारतात मिळणाऱ्या नव्या कार्डावर परदेशी व्यवहार बंदच असतात. ॲपमधून ते चालू करून निघा, पिनही पाठ हवा. एटीएममधून क्रेडिट कार्डाने युरो काढू नका, काढल्या दिवसापासून व्याज लागतं. पण रोख जवळ ठेवाच. बेकरीत, आठवडी बाजारात अजूनही कित्येक जण परदेशी कार्ड घेत नाहीत. हॉटेलवाले चेक-इनला शंभर-दोनशे युरो अडकवून ठेवतात, ते काही दिवसांनी सुटतात. घाबरू नका, फक्त लिमिटमध्ये तेवढी जागा ठेवा.

आता काकांचं. इन्सुलिन हातातल्या बॅगेतच, चेक-इनच्या सामानात अजिबात नाही, तिथे ते गोठू शकतं. डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी सोबत ठेवा. आणि लाउंजवर जेवणाची वेळ सोडू नका. रात्रीच्या विमानांच्या वेळी बाहेर रांग असते, जागा नसेल तर थांबायला सांगतात. साडेआठला सुई टोचून रांगेत उभं राहायचं, हे मला ऐकवतही नाही. कोरडं जेवण सुरक्षा तपासणीतून नेता येतं. पोळीभाजीचा डबा घ्या, वेळेवर खा, मग लाउंज मिळालं तर चहा प्या. लेकीसाठी पेढे किंवा तूप मात्र बांधू नका, दुधाचे पदार्थ युरोपियन युनियनमध्ये बाहेरून आणू देत नाहीत. चकल्या, चिवडा, मसाले खुशाल आणा.

---

निवृत्त शाखाधिकारी, सातारा

वरच्या दोघांनी फायद्याचं छान सांगितलं. मी दुसरी बाजू मांडतो, कारण ती मी काउंटरच्या आतून तीस वर्षं पाहिली आहे.

ताई, बिलावर दोन आकडे येतात, एकूण देय आणि किमान देय. किमान देय हा आकडा तुमच्या डोळ्यांना दिसूच नये. तो भरला की दंड टळतो, व्याज टळत नाही. व्याज महिन्याला साडेतीन ते पावणेचार टक्के, वर्षाला ४२ ते ४५, त्यावर पुन्हा जीएसटी. आणि मागची बाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. माझ्या सख्ख्या मेहुण्याने चार महिने किमान रक्कम भरली आणि "मी तर वेळेवर भरतोय" म्हणत माझ्याकडे आला. वर्षभराचा कॅशबॅक एका महिन्याच्या व्याजात गेला होता. पहिल्याच दिवशी बचत खात्यातून पूर्ण बिलाचं ऑटो-डेबिट लावा.

कार्ड गळ्यात पडेल ही भीती मात्र सोडा. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये आणलेल्या नियमानुसार, बाकी काही नसेल तर बंद करण्याच्या अर्जावर सात कामाच्या दिवसांत कार्ड बंद करावं लागतं. नाही केलं तर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. अर्ज लेखी किंवा ईमेलने करा आणि पोच ठेवा.

आणि पहिल्या कार्डाला लिमिट किती मिळतं ते आधी विचारा. साठ हजारांचं लिमिट आलं तर १,३०,००० ची तिकिटं त्यावर निघणारच नाहीत.

---

हिशोबवही, नाशिक

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री यजमान, मुलगा आणि मी वही घेऊन बसलो.

रेगालिया गोल्ड घेत नाही. यंदा ते जास्त देतं हे मान्य आहे, पण जुलैनंतर दोन वर्षांत आम्ही विमानात बसू असं मला मनापासून वाटत नाही. लेक आली तर ती तिच्या तिकिटाने येईल. मग आमचे पॉइंट २० पैशांचेच. आणि चार लाखांना सोळा हजार कमी पडतात हे वाचून मी वही मिटलीच. मी माझा स्वभाव ओळखते, मी ते सोळा हजार पूर्ण केले असते.

माझ्या नावावर एसबीआय कॅशबॅकचा अर्ज केला. युरोसाठी एक छोटी ठेव करून त्यावरचं बिनमार्कअपचं कार्ड यजमानांच्या नावावर घेतोय. लिमिट कमी आलं तर तिकिटं नेटबँकिंगने काढू.

आकडेमोड दादा, दोन तिकिटं दोन महिन्यांत काढायचा तुमचा सल्ला मुलाला फार आवडला, पण मी मोडता घातला. महिन्याची औषधं-खरेदी धरून मर्यादेमुळे बुडतील ते १,८५० रुपये. दरम्यान दुसऱ्या तिकिटाचं भाडं दोन हजारांनी वाढलं तर सगळं पाण्यात. शिवाय दोघांचं बुकिंग वेगवेगळं झालं आणि काही गडबड झाली तर ह्यांना एका विमानात आणि मला दुसऱ्यात बसवतील, ही भीती मला झोपू देणार नाही. इन्सुलिनची पिशवी माझ्याकडे असते. दोघांचं एकाच पीएनआरवर काढणार, १,८५० गेले तर गेले.

नेकारकाठच्या ताई, तुमचं डब्याचं वाक्य यजमानांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, मला पहिल्यापासून पोळी आणि मेथीची कोरडी भाजीच हवी होती, लाउंज तुलाच हवं होतं. साडेआठचा गजर त्यांच्या आणि माझ्या, दोन्ही फोनवर लावून ठेवलाय. पेढ्यांचं मात्र वाईट वाटलं, लेकीने मुद्दाम मागितले होते. चिवडा करून नेईन.

आता एकच शंका. पदवीदानाची तारीख विद्यापीठाने अजून पक्की कळवलेली नाही. तिकिटं काढली आणि नंतर रद्द करावी लागली तर मिळालेला कॅशबॅक राहतो का?

---

आकडेमोड, पुणे

नाही ताई, परतावा आला की त्या रकमेवरचा कॅशबॅक पुढच्या बिलात परत घेतात. पीएनआरबद्दल तुमचं बरोबर आहे, मी फक्त पैशाकडे पाहिलं. तारीख पक्की होईपर्यंत थांबता येत नसेल तर तारीख बदलायला किती आणि रद्द करायला किती लागतात, हे दोन आकडे बुकिंगच्या पानावर भाड्याच्या नियमांत असतात. ते इथे टाका, मी पाहून सांगतो.