टायरचं ‘जाहिरातीतलं माप’, ‘छापील माप’ की नुसता ‘नंबर’?

सुरूबन
नागावच्या किनाऱ्यावर एटीव्ही (वाळूत चालणाऱ्या, जाड टायरच्या चारचाकी मोटारसायकली) फिरवणाऱ्या ओळखीच्या एकांसाठी टायरचं माहितीपत्रक मराठीत करून देतोय. एका वाक्यात अडलोय. रिमवर चढवून हवा भरल्यावर टायरचं प्रत्यक्ष माप ‘ॲडव्हर्टाइज्ड साइझ’पेक्षा थोडं वेगळं भरू शकतं, असं मूळ मजकूर सांगतो. मी ‘जाहिरातीतलं माप’ लिहिलं. त्यांना ते पटेना. म्हणाले, गिऱ्हाइकाला वाटेल विकणारा फसवणूक कबूल करतोय. ‘नाममात्र माप’ लिहावं तर माप नावापुरतंच, असा अर्थ लागतो. काय लिहू?

खाडीकाठ
‘जाहिरातीतलं’च ठेवा. फरक खरा आहे. आमच्या गाडीला २५ बाय ८ - १२ चे नवे टायर घातले. म्हणजे उंची २५ इंच, रुंदी ८, रिम १२. माथ्यावर आडवी फळी धरून जमिनीपर्यंत टेप सोडला, तर साडेचोवीससुद्धा भरेना. जे भरत नाही त्याला माप का म्हणायचं?

माडबन
गाडीखालीच मोजलात का? एटीव्हीच्या टायरात हवा मुळात कमी, पाच-सात पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक), आणि वाळूत लोक ती आणखी उतरवतात. वजनाखाली टायर दबतोच. मोकळा उभा करा, सांगितलेली हवा भरा, मग मोजा. रिमही बघा: रुंद रिमवर तोच टायर पसरतो आणि उंची किंचित उतरते. रुंदी मोजायची ती बाजूच्या फुगवट्याला, जमिनीला टेकणाऱ्या नक्षीवर नाही. शिवाय तुमच्या टायरवर आकड्यांमध्ये आडवी रेघ आहे, म्हणजे तो बायस, आतले धागे तिरके घातलेला. रेडियल, म्हणजे धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ घातलेला असता, तर तिथे ‘आर’ असता. बायस टायर हवा भरून काही काळ चालवल्यावर थोडा वाढतो.
एवढं करूनही छापल्यापेक्षा कमी भरणारे टायर मी पाहिलेत, ते नाकारत नाही. पण माप कुठल्या स्थितीतलं, हे आधी ठरायला हवं. मासे पकडायच्या जाळ्याचा आस, म्हणजे भोकाचं माप, सांगितला की ताणून मोजलाय का, हे आपण विचारतोच ना?

कातळसडा
शब्दांवर येऊ. ‘उंची’ मला मुळात मान्य नाही. गोल वस्तूला व्यास असतो, शाळेत शिकलेला साधा शब्द आहे. आणि सुरूबन, ‘निर्देशित माप’ लिहा. त्यात दोषही नाही, हमीही नाही.

खाडीकाठ
टायर चिखलपट्टीला घासेल का, हे बघताना गॅरेजात कोण व्यास म्हणतं? आणि खरा घोळ घेराचा आहे. छापील आकडा तोच, म्हणून पुढे एका कंपनीचे आणि मागे दुसऱ्या कंपनीचे टायर घातले, घेरात फरक निघाला, तर फोर व्हील टाकून, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर देऊन, कडक जमिनीवर चालवताना पुढची-मागची चाकं एकमेकांना ओढतात आणि ताण गिअरांवर येतो. हे ज्याला निस्तरावं लागतं, त्याला ‘निर्देशित’ वाचून काय कळणार?

वेंगुर्लेकरीण
आमच्याकडे गॅरेजवालो इचारता, “नंबर काय हा?” माप कोण इचारणा नाय. चपलेचाही नंबरच असतो, आठ नंबर म्हणजे आठ इंच असं कुणी धरत नाही. ‘टायरचा नंबर’ लिहा, भांडण मिटेल.

सुरूबन
ताई, ‘नंबर’ जवळचा वाटतोय. पण पुढच्याच ओळीत ‘प्रत्यक्ष माप नंबरपेक्षा कमी-जास्त’ असं येतं, तिथे मोडतंय. ‘नंबरातल्या मापापेक्षा’ चालेल?

लोहारआळी
मराठीत टायरला शब्द आहे, धाव. लाकडी चाकावरची लोखंडी पट्टी. ती धावते म्हणून धाव, असं माझे आजोबा सांगायचे. लोहार धाव चाकापेक्षा मुद्दाम किंचित लहान करायचा. भट्टीत लाल झाली की ती वाढते, तेवढ्यात चाकावर बसवायची आणि वर पाणी ओतायचं. आकसली की चाकाला आवळून धरते. धावेचं थंड माप आणि तापलेलं माप वेगळं, हे ज्यांना ठाऊक होतं, त्यांच्या भाषेत ‘प्रत्यक्ष माप’ ही अडचणच नव्हती. हे शब्द आपण टाकून दिले याचं फार वाईट वाटतं.

कातळसडा
धाव सुंदर शब्द आहे, पण रबरी, हवेच्या टायरला लावू नका. धाव म्हटलं की लोखंड आलं.

लोहारआळी
मग ‘चाक’ म्हटलं की लाकूड का येत नाही? वस्तू बदलते, शब्द तिच्याबरोबर चालतो. ‘गाडी’ बैलाची होती, आता पेट्रोलची आहे.

माडबन
हे बरोबर आहे. पण धाव ‘ती’. वर सगळे ‘तो टायर’ म्हणताहेत आणि माझ्या कानावर गुहागरात ‘ते टायर’ही पडतं. तुमच्याकडे काय?

वेंगुर्लेकरीण
तो. चारही टायर बदलले. ‘टायरं बदलली’ मी घाटावरच्या पाहुण्यांच्या तोंडून ऐकलंय.

खाडीकाठ
पेणला माझ्या मामाकडे ‘टायरं’च म्हणतात, आणि ते काही घाटावरचे नाहीत.