खालिद जमीलला चार महिन्यांत नारळ द्यायचा? मग स्टिमाचला पाच वर्षं कशी दिली?

कूपरेजकट्टा (धागाकर्ता)

बांगलादेश मॅचच्या धाग्यावर ऑफसाइडबापूंनी लिहिलंय, "देशी कोच देशी कोच म्हणून गळा काढत होतात ना, घ्या आता. आधी सिंगापूरकडून हरलो, मग बांगलादेशकडून. खालिदला नारळ द्या आणि बाहेरचा माणूस आणा." तिथेच उत्तर लिहायला बसलो होतो पण ते फार लांबलं म्हणून वेगळा धागा काढतोय.

बापू, भारताच्या फुटबॉल टीमचा कोच म्हणून खालिदची नेमणूक १ ऑगस्ट २०२५ ला झाली. त्याच्या हातात काय दिलं ते बघा. आशियाई करंडक पात्रतेच्या दोन मॅच आधीच झालेल्या, त्यात मिळून एक पॉइंट. त्याच्या आधीचा मानोलो मार्केझ एफसी गोवाची नोकरी सांभाळून भारताचा कोच होता, आठ मॅचमध्ये एक विजय, तोही मालदीवविरुद्ध. त्याच्या आधी क्रोएशियाचा स्टिमाच, मे २०१९ ते जून २०२४. जानेवारी २०२४ मध्ये कतारला आशियाई करंडकात तीनही मॅच हरलो, एक गोल नाही केला, आणि त्याच्या तीनच महिने आधी फेडरेशनने या माणसाचा करार २०२६ पर्यंत वाढवून ठेवला होता! मग काढताना भरपाईवरून भांडण, ते वेगळंच. तेव्हा कोणी चार महिन्यांत नारळ मागितला होता का?

खालिदने आल्या आल्या सीएएफए नेशन्स कपमध्ये (मध्य आशियाई देशांची स्पर्धा) ताजिकिस्तानला त्यांच्या घरात २-१ हरवलं आणि ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरा नंबर काढला, ते पण मोहन बागानने खेळाडू सोडले नसताना. आयएसएल, म्हणजे देशातली सगळ्यात वरची लीग, कधी सुरू होणार याचा पत्ता नव्हता, ती चालवायच्या टेंडरला एक बोली आली नाही, आणि जबाबदार कोण तर कोच.

मुंबईकरांना हे नव्याने सांगायला नको. मुंबई एफसी खालिदने २००९ पासून २०१६ पर्यंत तुटपुंज्या पैशात आयलीग या राष्ट्रीय लीगमध्ये टिकवली. मग मॅनेजमेंटला वाटलं आता बदल हवा. पुढच्याच सीझनला खालिद मिझोरामच्या आयझॉल क्लबला गेला, सोबत जयेश राणे आणि आशुतोष मेहता ही आपली पोरं घेऊन गेला, आणि ३७ पॉइंट घेऊन लीग जिंकला, मोहन बागान ३६ वर. त्याच सीझनला मुंबई एफसी तळाला जाऊन रेलिगेट झाली, म्हणजे लीगमधून खाली गेली, आणि क्लबच बंद पडला. कोच बदलून प्रश्न सुटतो म्हणणाऱ्यांनी ते टेबल एकदा वरपासून खालपर्यंत वाचावं.

ऑफसाइडबापू

माझं नाव घेऊन धागा काढलाय तर उत्तर देतो.

आयझॉल, आयझॉल, किती वर्षं तेच? २०१७ ची गोष्ट आहे ती. त्यानंतर ईस्ट बंगालने घेतला, चौथा नंबर. मोहन बागानने घेतला, काही नाही. नॉर्थईस्टला पहिल्या वर्षी मधेच येऊन प्लेऑफला नेलं हे मान्य, पण पुढचा अख्खा सीझन हातात दिल्यावर दहावा नंबर. लहान टीम घ्यायची, सगळे मागे बसवायचे, लांब बॉल मारायचा, एवढंच येतं त्याला. बॉल आपल्याकडे असताना काय करायचं हे त्याच्या टीमला कधीच कळलेलं नाही. १४ ऑक्टोबरला गोव्यात फातोर्ड्याला सिंगापूरविरुद्ध छांगतेने चौदाव्या मिनिटाला लांबून काय गोल मारला! १-० ने पुढे होतो, घरच्या मैदानावर. आणि त्यानंतर? हरलो २-१.

आणि पाच वर्षं दिली ती चूक होती म्हणून आता तीच चूक देशी माणसासोबत करायची का? स्टिमाचला मी तेव्हाही शिव्या घालत होतो, जुने धागे काढून बघा.

फातोर्डेकर

मी होतो त्या दिवशी स्टेडियमात. छांगतेच्या गोलनंतर आमच्या बाजूला लोक खुर्च्यांवर उभे होते. हाफटाइमच्या एक मिनिट आधी सोंग उई-यंगने बरोबरी केली आणि जी शांतता झाली ती सेकंड हाफभर गेलीच नाही, अठ्ठावन्नाव्या मिनिटाला परत तोच. पण आपला डिफेंडर झिंगन नव्हता हे बापू सोयीस्कर विसरले. आधीच्या सिंगापूरमधल्या मॅचमध्ये रेड कार्ड मिळालं होतं त्याला, त्यामुळे ही मॅच बाहेर. त्याच्याशिवाय आमचा डिफेन्स कसा खेळतो हे गेली कित्येक वर्षं सगळ्यांना माहीत आहे.

बाकी कोचला वागवायच्या बाबतीत आमच्या एफसी गोवानेही पुण्य केलेलं नाही. २०२० मध्ये स्पॅनिश कोच लोबेराला टेबलमध्ये वर असताना लीगच्या तीन मॅच बाकी ठेवून काढला. लीगमध्ये पहिल्या नंबरचं शील्ड आपल्या क्लिफर्ड मिरांडाने हंगामी कोच म्हणून पूर्ण केलं. मग क्लिफर्डला कायम केला का? नाही, आणला हुआन फेरांडो. लोबेरा मुंबईला गेला आणि एकाच सीझनला शील्ड आणि ट्रॉफी दोन्ही घेऊन गेला. क्लिफर्डने २०२३ ला ओडिशाला सुपर कप जिंकून दिला, तोही हंगामी म्हणून, आणि त्यांनी पण पुढे कोणाला घेतलं? लोबेराला! देशी कोच म्हणजे घर रंगवेपर्यंत बोलावलेला वॉचमन, रंग सुकला की जा.

सिंगापूरकर_मराठी

९ ऑक्टोबरची मॅच मी इथे नॅशनल स्टेडियमवर पाहिली. दहा जणांनी खेळून नव्वदाव्या मिनिटाला रहीम अलीने बरोबरी केली, आपला स्टँड वेडा झाला होता.

पण बापूंना एकच सांगायचंय. आपल्याला ज्या सिंगापूरने बाहेर काढलं त्यांचा कोच कोण? गेव्हिन ली. इथलाच, पस्तिशीतला, आणि आपल्याला हरवलं तेव्हा तो हंगामी होता. आधीचा जपानी कोच ओगुरा सोडून गेला म्हणून जागा भरली होती. १८ नोव्हेंबरला हाँगकाँगला त्यांच्या घरी हरवून हे लोक आशियाई करंडकाला पात्र ठरले, आणि दोनच दिवसांत फेडरेशनने त्याला कायम केला. १९८४ ला यजमान म्हणून खेळले होते, स्वतःच्या खेळावर हे पहिल्यांदाच. तेव्हा परदेशी कोच आणला की आपोआप जिंकतो हे गणित डोक्यातून काढा.

ऑफसाइडबापू

आणि बांगलादेशचा कोण? हावियेर काब्रेरा, स्पॅनिश. सोयीचं तेवढंच सांगायचं.

कूपरेजकट्टा

जानेवारी २०२२ ला आला होता तो तिथे. जवळजवळ चार वर्षं. मधे किती हरले, तरी ठेवला. मी तेच तर म्हणतोय.

मायदेशी_परत

तुम्ही सगळे मूळ मुद्दा सोडून बोलताय. हमझा चौधरी इंग्लंडमध्ये वाढलेला, बांगलादेशकडून खेळतो. सोंग उई-यंग कोरियात जन्मलेला, सिंगापूरकडून खेळतो. आपण ओसीआयवाल्यांना, म्हणजे परदेशी पासपोर्टवाल्या भारतीय वंशाच्या खेळाडूंना, सांगतो आधी पासपोर्ट सोडा. रायन विल्यम्सने सोडला, ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडला माणसाने, ढाक्याला टीमसोबत गेला आणि कागद वेळेत आले नाहीत म्हणून खेळू शकला नाही. मी स्वतः परदेशात अठरा वर्षं काढून आलोय, माझ्या मुलाचे कागद करताना काय हाल झाले ते मला माहीत आहे. जोवर हे सुटत नाही तोवर कोच खालिद असो की देव असो.

कूपरेजकट्टा

त्यावर स्वतंत्र धागा काढा, मी येईन. इथे नको.

फातोर्डेकर

मला एकच खटकतं. खालिदला एआयएफएफने, म्हणजे फेडरेशननेच, लागोपाठ दोन वर्षं सर्वोत्तम कोच केलं, २०२३-२४ आणि २०२४-२५. म्हणजे सत्कार करायला देशी चालतो, वेळ द्यायला नाही. आमच्या गोव्याच्या आर्मांदो कोलासो सरांचं बघा. डेंपोला पाच राष्ट्रीय विजेतेपदं, दोन एनएफएलची (आयलीगच्या आधीची राष्ट्रीय लीग), तीन आयलीगची. असा दुसरा कोच दाखवा देशात. २०११ ला भारताची टीम दिली ती पण मधल्या काळापुरती. आणि कोचला मिळणारा द्रोणाचार्य पुरस्कार कधी? २०२४ चा, तोही जीवनगौरव. सत्तरी ओलांडल्यावर.

ठाणेकरीण

फुटबॉलला द्रोणाचार्य म्हणजे कपिलाषष्ठीचा योग. १९९० ला नईमुद्दीन, त्यानंतर थेट २०२२ ला आपले बिमल घोष. मधली बत्तीस वर्षं फुटबॉल शिकवणारं कोणी नव्हतंच जणू. पी. के. बॅनर्जींना नाही, अमल दत्तांना नाही. भारताचे जुने कोच रहीमसाहेब तर १९६३ लाच गेले, पुरस्कार सुरू झाला १९८५ ला.

घोष सरांनी एअर इंडियाची टीम घडवली, खालिद स्वतः त्या टीममधून खेळलाय. माझा भाऊ त्या काळात मुंबईत ऑफिस लीग खेळायचा, तो सांगतो की नोकरी लागलेल्या पोरांचा खेळ दोन वर्षांत संपायचा, पण एअर इंडियाच्या पोरांचा सुधारायचा. आज एअर इंडियाची टीम नाही, महिंद्रा २०१० लाच बंद. खालिद ज्या टीममधून शिकला त्यातली एकही उरलेली नाही.

पेठकर_कोल्हापूर

लै मोठ्या लोकांचं चाललंय म्हणून गप्प बसलो होतो पण पुरस्काराचा विषय निघालाय तर बोलतो.

आमच्या पेठेत एक मास्तर होते. पहाटे साडेपाचला मैदानावर, जाळीच्या पिशवीत बॉल, त्यातले दोन हमखास शिवलेले. पाठपोट लिहिलेली एक वही असायची, कोण आला, कुणाचा बूट फाटला, कुणाच्या घरात काल भांडण झालं म्हणून पोरगं उपाशी आलंय, सगळं त्यात. फी घेतली न्हाई कधी. त्यांची पोरं शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालमीकडून खेळली, दिलबहार तालमीकडून खेळली, काही पोलिसात लागली खेळाच्या जोरावर. आम्ही चार जणांनी ठरवलं मास्तरांचा पुरस्काराचा अर्ज भरायचा. एका ऑफिसात गेलो. साहेब म्हणाला राष्ट्रीय स्पर्धेची प्रमाणपत्रं आणा, त्यावर कोच म्हणून यांचं नाव पाहिजे. आता सांगा, पोरगं मास्तरांकडं आलं नऊ वर्षांचं, बूट बांधायला त्यांनी शिकवलं, पुढं चांगलं निघालं म्हणून कुणीतरी पुण्या-मुंबईला नेलं. प्रमाणपत्रावर नाव शेवटच्या कोचचं. मास्तर गेले, वही माझ्याकडं आहे.

ऑफसाइडबापू

वाईट वाटलं वाचून, पण याचा खालिदशी काय संबंध? आणि कोल्हापूरचं कौतुक पुरे. मॅचला गर्दी, फटाके, मारामाऱ्या, पेठेची इज्जत, हे सगळं आहे. भारताच्या टीमला किती दिले? अनिकेत जाधवचं नाव सोडून दुसरं सांगा. तालमी तरी काय करतात, सीझनला पैसे मोजून बाहेरचे खेळाडू आणतात. म्हणजे तुम्हीपण तेच करता जे फेडरेशन करतं.

पेठकर_कोल्हापूर

बापू, तोंड सांभाळून. तुम्ही शाहू स्टेडियमच्या दगडी पायऱ्यांवर उन्हात बसून एक तरी मॅच बघितलीय का? मॅच असली की दुकानं बंद ठेवून माणसं येतात आमच्याकडं, आणि तुमच्या मुंबईत आयलीगची टीम बंद पडली तेव्हा कूपरेजला किती माणसं रडायला होती? अनिकेतसुद्धा पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला म्हणून पुढं आला, कारण इथं त्याच्यासाठी काय ठेवलं होतं सरकारनं? २०१७ ला अंडर-१७ वर्ल्ड कपच्या नावाखाली राज्यभर एका दिवशी लाखो पोरांना बॉल खेळवले, फोटो काढले. त्या बॉलांची हवा गेली आणि विषय संपला.

बाहेरचे खेळाडू आणतात हे खरं हाय. मला बी पटत न्हाई ते. पण तो घरातला वाद आहे, तुम्ही सांगायचं कारण न्हाई.

ऑफसाइडबापू

दगडी पायऱ्यांवर नाही बसलो, कूपरेजला बसलोय, मुंबई एफसीचा पास होता माझ्याकडे. तेव्हा 'तुमच्या मुंबईत' वगैरे मला ऐकवू नका.

संपादक मंडळ

शहरांवरून उणीदुणी थांबवा. एकदाच सांगतोय.

ठाणेकरीण

बापू, संबंध कसा नाही? पेठकरांनी बरोबर सांगितलं, कागदावर नाव शेवटच्या कोचचं लागतं. मास्तरांच्या वेळी श्रेय शेवटच्याला गेलं, इथे दोष शेवटच्याला जातोय. पात्रता हुकली ती मार्चमध्ये शिलाँगला बांगलादेशशी ०-० झालं तेव्हापासून, मग जूनमध्ये हाँगकाँगला शेवटच्या क्षणी पेनल्टी दिली तेव्हा. नोंद मात्र खालिदच्या नावावर राहील.

ऑफसाइडबापू

ठीक आहे. शिलाँग आणि हाँगकाँग मानोलोच्या खात्यात टाका, ते मला मान्य करावंच लागेल. सिंगापूरच्या कोचचं मला माहीत नव्हतं असं नाही, पण मुद्दा म्हणून चांगला आहे.

पण ढाका? तिथे गमावण्यासारखं काही उरलं नव्हतं, दोघंही बाहेर गेले होते, नवीन पोरं घालून मोकळेपणाने खेळवायला काय हरकत होती? बाराव्या मिनिटाला मोरसालिनने गोल केला आणि पुढे अख्खी मॅच हातात असताना एक बरोबरी करता आली नाही. २००३ नंतर पहिल्यांदा बांगलादेशकडून हरलो. ते कोणाच्या खात्यात टाकू, कट्टा? याचं सरळ उत्तर द्या.

कूपरेजकट्टा

खालिदच्या. ढाका पूर्णपणे त्याचं, त्यात मी काही सांगणार नाही. टीम निवड मलाही कळली नाही.

तरीपण त्याला काढू नये, कारण काढल्यावर काय होईल हे आपण ऑगस्टच्या आधी पाहिलंय. १७० अर्ज आले होते या जागेसाठी, त्यात बार्सिलोनाच्या शावीच्या नावाचा पण एक, आणि जगभर बातमी झाल्यावर फेडरेशन म्हणालं की तो मेल खरा नव्हता. शेवटच्या यादीत खालिद आणि दोन परदेशी, कॉन्स्टंटाइन आणि टार्कोविच. ज्यांना आलेला अर्ज खरा की खोटा हे कळत नाही ते लोक पुढचा कोच निवडणार आहेत, बापू. करार दोन वर्षांचा आहे, सावियो मेदेरानंतर (२०११-१२) पहिल्यांदा एका भारतीयाला पूर्ण जबाबदारी मिळालीय. दोन वर्षं पूर्ण होऊ द्या. सोबत लीग वेळेवर भरवा, क्लबांना कॅम्पसाठी खेळाडू सोडायला लावा, आणि मग हिशोब मागा, मी स्वतः मागेन.

ऑफसाइडबापू

दोन वर्षं तर दोन वर्षं. तोपर्यंत मी मॅच बघणार आणि हरलो की इथे येऊन लिहिणार, तो हक्क सोडत नाही.

पेठकर_कोल्हापूर

कट्टा, ठाणेकरीण, त्या अर्जाबद्दल कुणाला माहिती असंल तर व्यनि (खाजगी निरोप) करा. मास्तरांकडं शिकलेली तीन-चार पोरं अजून खेळतात, त्यांच्याकडून लिहून आणायला मी तयार आहे. मरणोत्तर घेतात का तेवढं कुणीतरी विचारून सांगा.