रविवारची ताम्हिणी: थांब्याचं अजून ठरलेलं नाही

प्रेषक: सहल समिती

मंडळी, गाडी ठरली. सतरा सीटर टेम्पो ट्रॅव्हलर रविवारी सकाळी साडेसहाला कोथरूड डेपोपाशी उभी असेल. आतापर्यंत तेरा नावं आली आहेत, त्यातली नऊ पासष्टीच्या पुढची. रस्ता नेहमीचा: चांदणी चौक, पिरंगुट, पौड, मुळशीचा जलाशय, ताम्हिणी घाट.

अडलंय ते एकाच गोष्टीपाशी. पौड सोडल्यावर कमोड असलेलं स्वच्छ टॉयलेट कुठे आहे? स्वतः डोळ्यांनी पाहिलं असेल तरच लिहा. "ढाब्यावर असतंच" हे उत्तर गेल्या वर्षी पानशेतच्या सहलीच्या वेळीही मिळालं होतं.

---

प्रेषक: नाना
उत्तर: सहल समिती

आल्या रस्त्यानं परत कशाला यायचं? निवे फाट्यावरून उजवीकडे वळा. पिंपरीला कुंडलिकेची दरी बघा, मग अंबवणे, कोरीगडाचा पायथा आणि लोणावळा. जलाशय, घाट, किल्ला, सगळं एका दिवसात होतं आणि लोणावळ्यात हॉटेलांना तोटा नाही. जानेवारीत त्या दरीवर सकाळचं ऊन काय सुंदर पडतं! मुलांकडे परदेशात चार डोंगर पाहून आलेल्यांनाही तिथे थांबावंसं वाटेल.

गेली चार वर्षं सहलीचा रस्ता मी आखतो आहे. या वेळी रस्ता आधी ठरला आणि पत्र नंतर आलं, हे मला आवडलेलं नाही.

---

प्रेषक: वहिनी (माईंची सून)
उत्तर: नाना

नाना, रस्ता तुम्हीच आखा, पण पानशेतला काय झालं ते लक्षात ठेवून आखा.

इथे आमच्याकडे रात्रीचे अकरा वाजलेत, तरी लिहिते आहे. माई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत, दोन्ही गुडघे बदललेले. त्यांना उकिडवं बसता येत नाही. वाटेत सोय नसेल म्हणून गेल्या वर्षी त्यांनी आदल्या रात्रीपासून पाणी बंद केलं होतं. कुणाला बोलल्या नाहीत. धरणाच्या भिंतीपाशी चक्कर आली तेव्हा सगळ्यांना वाटलं ऊन लागलं. खरं कारण मला तीन आठवड्यांनी फोनवर सांगितलं, तेही मी खोदून विचारल्यावर. आणि म्हणाल्या, "मी एकटी नव्हते गं, आम्ही तिघींनी तेच केलं."

निवे ते लोणावळा हा सगळा वळणावळणाचा रस्ता. तिथे मधेच गरज लागली तर गाडी कुठे थांबवणार? लोणावळ्याची हॉटेलं त्या वेळी कामाची नाहीत.

---

प्रेषक: अण्णा
उत्तर: वहिनी

पानशेतचं नाव निघालं की मला धरण फुटून पुण्यात पूर आला तो १२ जुलै १९६१ आठवतो. मी नऊ वर्षांचा होतो, आम्ही शनिवार पेठेत राहायचो. आईनं आम्हा भावंडांना वरच्या मजल्यावर नेलं, आणि तिथून आम्ही मातीच्या भिंतींचे वाडे बसताना पाहिले. पानशेतपाठोपाठ खडकवासलाही फुटलं होतं. ते घर नंतर उभं राहिलं नाही. गेल्या वर्षी मी सहलीला आलो नाही ते त्याचमुळे.

मुळशीला मात्र येणार. तिथे नुसते फोटो काढून निघू नका. या पाण्याखाली गावं आणि भाताची खाचरं गेली. १९२१ मध्ये इथल्या मावळातल्या शेतकऱ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, पांडुरंग महादेव बापट त्यात पुढे होते. 'सेनापती' हे नाव त्यांना तिथूनच मिळालं. आणि पाण्याची गंमत अशी: मुळा पुण्याकडे, म्हणजे पूर्वेला वाहणारी नदी. धरणानं तिचं पाणी अडवून बोगद्यातून सह्याद्रीच्या पश्चिमेला भिऱ्याला उतरवलं. वीज करून झाली की ते कुंडलिकेत जातं. कोलाडला तराफ्यातून जी नातवंडं वाहत जातात, ती या सोडलेल्या पाण्यावरच. गाडीत दहा मिनिटं दिलीत तर मी हे सांगेन.

---

प्रेषक: डॉक्टर
उत्तर: वहिनी

वहिनींचा मुद्दा सर्वांनी मनावर घ्यावा. या वयात पाणी तोडणं धोक्याचं आहे. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी असेल तर ती परस्पर बंद करू नका. रविवारी कधी घ्यायची, ते आपल्या डॉक्टरांना आधीच विचारा. घाटात ज्यांना मळमळतं त्यांनी पुढे बसावं आणि सकाळी थोडं खाऊन निघावं.

---

प्रेषक: भाऊ, कोथरूड
उत्तर: सहल समिती

शनिवारी गाडी काढली आणि स्वतः बघून आलो. चांदणी चौकातला पूल २०२३ पासून सुरू आहे, तिथे वेळ गेला नाही. भुगाव-पिरंगुटला मात्र नेहमीची गर्दी. साडेसहाला निघणं बरोबर आहे, आठला निघालो तर पिरंगुटातच नऊ वाजतील.

पौडला पेट्रोल पंपावर टॉयलेट आहे, भारतीय पद्धतीचं. जलाशयाच्या काठी एका रिसॉर्टवाल्याशी बोललो. जेवण त्यांच्याकडे घेतलं तर दोन कमोड वापरू देतील. दार रुंद आहे, आत धरायला दांडी आहे. बाहेर तीन पायऱ्या, त्यांना कठडा नाही; तिथे आम्ही दोघं हात धरायला उभे राहू. त्याच्या पुढे ताम्हिणीपर्यंत मला एकही धड जागा सापडली नाही.

म्हणून माझं म्हणणं असं. सर्जिकलच्या दुकानात घडीची कमोड खुर्ची भाड्यानं मिळते. ती आणि कपडे बदलायचा छोटा तंबू डिकीत टाकू. बादली, पिशव्या, हात धुवायला पाण्याचा कॅन मी आणतो. कुठे कुठे थांबायचं ते आधीच सांगू, म्हणजे कुणाला मागावं लागणार नाही.

---

प्रेषक: नाना
उत्तर: भाऊ, कोथरूड

खुर्चीची कल्पना मला सुचायला हवी होती. वहिनींचं पत्र वाचल्यावर मी आमच्या घरी विचारलं. बायको म्हणाली, तीही पाणी कमी पिते. चाळीस वर्षं आम्ही एकत्र फिरलो.

लोणावळ्याचा हट्ट सोडतो. फक्त एक मागणं: निवे फाट्यावरून पिंपरीपर्यंत जाऊन दरी बघू आणि मागे फिरू. तंबू तिथे लावायला सपाट जागा आहे, मी दाखवतो. आणि अण्णा, 'गंमत' हा शब्द त्या पाण्याला नको.

---

प्रेषक: अण्णा
उत्तर: नाना

मान्य. शब्द मागे घेतो.

---

प्रेषक: वहिनी (माईंची सून)

माईंना फोन केला. खुर्चीबद्दल आधी काहीच बोलल्या नाहीत. मग विचारलं, तंबूचं कापड आरपार दिसणारं नाही ना? भाऊ, एकदा उन्हात धरून बघाल का?

---

प्रेषक: भाऊ, कोथरूड

गच्चीवर लावून बघितला. गडद निळा, दुहेरी कापड, काही दिसत नाही. चेन आतून लागते. माईंना सांगा.

---

प्रेषक: सहल समिती

मग असं ठरलं. साडेसहा कोथरूड डेपो. पौडला चहा. साडेआठला जलाशय, रिसॉर्टमध्ये नाश्ता आणि पहिला थांबा. वाटेत अण्णांची दहा मिनिटं. ताम्हिणीला विंझाई देवी, तिथून पिंपरी, तंबू तिथे लावायचा. परत येताना रिसॉर्टमध्येच जेवण आणि दुसरा थांबा, पाचपर्यंत कोथरूड.

प्रत्येकाच्या सीटवर पाण्याची बाटली ठेवलेली असेल. कृपया ती संपवा. चार जागा उरल्या आहेत, नावं शुक्रवारपर्यंत.