वेब डिझाइन शिकताना पहिली इंटर्नशिप कशी मिळाली? (अनुभव धागा)

अभ्यासक्रमात ‘प्रत्यक्ष कामाचा अनुभव’ असं एका ओळीत लिहिलेलं असतं. ते काम शोधायचं कुठे, हे कुणी सांगत नाही. ज्यांना मिळालं, ज्यांना नाही मिळालं, ज्यांना मिळून पस्तावायची पाळी आली, सगळ्यांनी लिहा. सुरुवात माझ्यापासून.

मी एकच ईमेल चाळीस ठिकाणी पाठवली. ‘आदरणीय महोदय, मी मेहनती व जिज्ञासू विद्यार्थी…’ छापाची. उत्तरं आली दोन. एक नकार. दुसरं एका ओळीचं: ‘तुमची साइट फोनवर उघडून बघितलीत का?’

नव्हती बघितली! लॅपटॉपवर खिडकी बारीक केली, पान नीट बसलं, म्हणजे झालं असा माझा समज. फोनवर उघडली तर अख्खं पान टपाल तिकिटाएवढं. कोडच्या सुरुवातीच्या ‘हेड’ भागात व्ह्यूपोर्टची ओळ, म्हणजे ‘पान फोनच्या रुंदीचं धर’ असं ब्राउझरला सांगणारी ओळच नव्हती, त्यामुळे फोनचा ब्राउझर पान ९८० पिक्सेल रुंद धरून आकसून दाखवत होता. मीडिया क्वेरी (पडद्याच्या रुंदीप्रमाणे मांडणी बदलणारे नियम) मेहनतीने लिहिलेल्या, पण फोनवर लागूच होत नव्हत्या. एका ओळीची चूक, चाळीस जणांसमोर. दुरुस्त करून त्याच माणसाला कळवलं, नेमकं काय चुकलं होतं तेही लिहिलं. तिसऱ्या दिवशी फोन आला.

*

मला वेब एजन्सीत कुणी उभं केलं नाही. शेवटी एका छापखान्यात गेले. त्यांच्या गिऱ्हाइकांना अधूनमधून साइट हवी असायची आणि ती बघणारं कुणी नव्हतं. पहिल्याच दिवशी एक साइट हाती दिली, उघडायला मिनिटभर लागायचं. छपाईसाठीचे फोटो जसेच्या तसे चढवलेले, एकेक पाच-सहा एमबीचा. ते सोळाशे पिक्सेल रुंदीला आणून वेबपीमध्ये (वेबसाठीचा हलका फोटो-फॉरमॅट) केले, तर बहुतेक दोनशे केबीच्या आत आले. खालचे फोटो लेझी लोडिंगवर टाकले, म्हणजे वाचणारा तिथवर आला की मगच ते उतरतात. गुगलच्या मापाने पानातला सर्वात मोठा भाग अडीच सेकंदांत दिसायला हवा. आमचा दिसायला लागला. आधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी शेजारी ठेवून पोर्टफोलिओत टाकले. पुढच्या मुलाखतीत फक्त त्यावरच बोलणं झालं.

*

कडू अनुभवही लिहितो. ‘आधी एक छोटी टेस्ट द्या’ म्हणाले. दिली. मग दुसरी. दुसरी टेस्ट म्हणजे पूर्ण होमपेज, खरा लोगो, खरा मजकूर. महिन्याभराने तेच होमपेज एका दुकानाच्या साइटवर दिसलं. मार्जिनसुद्धा बदलली नव्हती. मला उत्तर आलंच नाही.

तेव्हापासून काल्पनिक विषयावरची दोन-तीन तासांची टेस्ट देतो, खऱ्या गिऱ्हाइकाचं पान नाही. आणि जायच्या आधी ईमेलवर तीन गोष्टी विचारतो: किती तास, माझं काम तपासणार कोण, आणि केलेलं काम पोर्टफोलिओत दाखवता येईल का. पैशांचंही तिथेच विचारावं, लाजू नये. दुसऱ्या प्रश्नावर जे गडबडतात तिथे शिकायला काही मिळत नाही, असं माझं मत.

*

मी टेबलाच्या पलीकडून लिहिते, कारण गेली काही वर्षं आमच्याकडे विद्यार्थी मीच निवडते.

प्रसिद्ध साइटच्या हुबेहूब नकला आणू नका. अशा दिवसाला तीन येतात. ‘एचटीएमएल ९० टक्के, सीएसएस ८५ टक्के’ असे पट्टे तर कृपा करून काढाच. शंभर टक्के म्हणजे कोण? मी लिंक उघडते, माउस बाजूला ठेवते आणि कीबोर्डवरचं टॅब बटण दाबत जाते. फोकस कुठे आहे, म्हणजे आत्ता कुठल्या लिंकवर किंवा बटणावर आहोत, ते दिसत नसेल तर पहिला प्रश्न तोच. मग फिकट करडी अक्षरं. पांढऱ्यावर करडं सगळ्यांना देखणं वाटतं, पण साध्या मजकुराला किमान ४.५:१ कॉन्ट्रास्ट (अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक) लागतो आणि निम्म्या पोर्टफोलिओंत तो नसतो. एका मुलाला हे दाखवलं तर तो म्हणाला, ‘माहीत होतं, पण छान दिसत होतं म्हणून ठेवलं.’ खरं बोलला म्हणून घेतला. पहिल्या आठवड्यात सगळे करडे रंग त्यालाच बदलायला लावले.

*

वरच्या ताईंना +१. कोड न येणाऱ्यांनीही धीर सोडू नये. मी फिग्मावरच (कोड न लिहिता पानं आखायचं सॉफ्टवेअर) काम करते, मला एका फॉर्मच्या चूक-संदेशांवरून घेतलं. ‘अवैध इनपुट’च्या जागी ‘फोन नंबरमध्ये दहा अंक हवेत’. बस, एवढंच दाखवलं होतं.

*

ईमेलमध्ये काय लिहायचं ते कुणी सांगितलं नाही, म्हणून माझी देतो. ‘नमस्कार. मी वेब डिझाइनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तुमच्या संपर्क पानावरचा फॉर्म फोनवर भरताना पाठवायचं बटण कीबोर्डखाली जातं, स्क्रीनशॉट जोडला आहे. मी तो असा सोडवला असता: (लिंक). जूनपासून सहा आठवडे तुमच्याकडे काम करायला आवडेल.’ अशा सात पाठवल्या, प्रत्येक वेगळी, एकेकीला निम्मी संध्याकाळ गेली. ज्यांनी बोलावलं त्यांनी मी पोचेपर्यंत ते बटण स्वतःच दुरुस्त करून टाकलं होतं, त्यामुळे पहिल्या दिवशी मला करायला कामच उरलं नव्हतं.