पुरात भिजलेले डिंकीचे 'सी किंग' : नवा रंग द्यावा की आहे तसेच ठेवावे?

कारेलीबागकर :
नमस्कार. माझ्या मामांकडे डिंकी कंपनीचे 'सी किंग' हे खेळण्यातले धातूचे हेलिकॉप्टर आहे. ते लहान असताना शेजारच्या गुजराती कुटुंबाकडे लंडनहून आलेल्या पाहुण्यांनी त्यांना ते दिले होते. पांढरे-निळे अंग, लाल पाती आणि सेल घातला की ती पाती फिरत, असे मामा सांगतात. 2024च्या ऑगस्टमध्ये बडोद्यात विश्वामित्री नदीचे पाणी आमच्या तळमजल्यावर शिरले तेव्हा कपाटाच्या खालच्या फळीवरचा खोका लगदा होऊन गेला आणि हेलिकॉप्टर दोन दिवस पाण्यात राहिले. आता पोटाखाली पांढरी पूड धरली आहे, सेलच्या कप्प्यात हिरवट खरपुड्या आहेत आणि शेपटीजवळ रंगाला फोड आले आहेत. याला 'झिंक पेस्ट' (zinc pest, म्हणजे ओतीव जस्ताला आतून लागणारी कीड) म्हणावे काय? रावपुऱ्यातील एक कारागीर सगळा रंग उतरवून नवा देण्यास तयार आहेत. मामांनाही ते पसंत आहे, पण माझे मन घेत नाही.

जुनी खेळणी :
कारागिराला तूर्त थांबवावे. आपण वर्णन केलेली लक्षणे झिंक पेस्टची वाटत नाहीत. ही खेळणी जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव असतात. ओतताना त्यात शिसे मिसळले गेले असेल तर कालांतराने धातू आतूनच फुगतो, त्यावर केसासारख्या बारीक भेगा पडतात आणि शेवटी तो बिस्किटासारखा कुस्करतो. दमट हवेत हे लवकर होते आणि त्यावर उपाय नाही. भिंगातून पाहून भेगा नसतील, तर पोटाखालची पूड म्हणजे ओलाव्याने जस्ताच्या पृष्ठभागावर धरलेला थर आहे, इतकेच समजावे. तो कोरड्या मऊ ब्रशने निघतो.

सेलच्या कप्प्याचा प्रश्न वेगळा आहे. अल्कलाइन सेल गळला असेल तर कापसाच्या काडीवर थोडे व्हिनेगर घेऊन पत्र्याच्या पट्ट्या पुसाव्यात. जुना साधा झिंक-कार्बन सेल असेल तर ती गळती आम्लधर्मी असते, तेथे खाण्याच्या सोड्याचे पाणी योग्य. व्हिनेगर मात्र धातूच्या अंगाला लागू देऊ नये, कारण ते जस्तालाच खाते. (घाईघाईने अख्खे खेळणे लिंबाच्या पाण्यात बुडवणारे मी पाहिले आहेत, त्यांचे पुढे काय झाले ते लिहवत नाही.)

रंगाविषयी माझे मत स्पष्ट आहे. हे मॉडेल 1971चे, क्रमांक 724, आणि त्याच्यासोबत दोरीने उचलायची अपोलो यानाची कुपी (अंतराळवीर बसतात तो भाग) मिळत असे. अपोलो 11च्या अंतराळवीरांना समुद्रातून उचलणाऱ्या 'हेलिकॉप्टर 66' या खऱ्या 'सी किंग'ची ती आठवण होती. ते खरे यंत्र 1975 साली समुद्रात कोसळले. डिंकीचा लिव्हरपूलचा कारखानाही 1979मध्ये बंद पडला. त्या कारखान्यातला रंग एकदा उतरवला की तो परत आणता येत नाही. फुटलेले फोड तसेच राहिले तरी चालतील.

रोटरवेडा :
वरील मताशी मी पूर्ण सहमत नाही. खोका गेल्यावर बाजारभावाचा विचार फारसा उरत नाही आणि मामांना ते काचेच्या कपाटात नीट दिसावे असे वाटत असेल, तर त्यांच्या वस्तूचा निर्णय त्यांचाच आहे. फोडांखाली ओलावा राहिला असल्यास तेवढ्या जागेपुरता सुटलेला रंग काढून धातू कोरडा करणे मात्र आवश्यक ठरते.

एक विचारतो : पाती मोजलीत काय? 'सी किंग'ला पाच पाती असतात, आपल्या नौदलाच्या 'सी किंग'लाही पाचच. शुक्रवारी बाजारातून मी घेतलेल्या एकाला कोणीतरी दुसऱ्या खेळण्याची चार पाती चिकटवली होती आणि घरी येईपर्यंत माझ्या ते लक्षातही आले नाही.

कारेलीबागकर :
दोघांचेही आभार. भिंगाने पाहिले, भेगा नाहीत. पाती मात्र चारच निघाली, पण ती मूळचीच आहेत. पाचवे मोडलेले पाते मामांनी दोरीच्या चक्रीजवळ दोऱ्याने बांधून ठेवलेले सापडले. कुपीचे विचारले तर ती शाळेत कुणाला तरी दिली होती म्हणाले, आणि त्याचे नाव अजून त्यांच्या लक्षात आहे. रंगाचे काम थांबवले आहे.