मदत हवी आहे: जपानमधल्या त्या पायऱ्या आणि ते तळं (आज रात्रीपर्यंत सांगा)

तळेगावकर: नमस्कार मंडळी, घाईत लिहितेय. दहावी झाल्यावर लेकीला ती जागा दाखवेन असा शब्द दिला होता. सिनेमाच्या शेवटी दोघं भेटतात त्या पायऱ्या मिळाल्या, पण तळं नकाशावर कुठेच नाही. कुठल्या स्टेशनला उतरायचं? आज रात्री तिकिटं काढायची आहेत.

पाऊसवेडा: कुठला सिनेमा? कुठे उतरताय? किती दिवस?

तळेगावकर: अहो, 'युअर नेम', 2016 चा, मकोतो शिंकाईंचा! घरी दोन वर्षं तोच चाललाय, त्यामुळे नाव लिहायचंच राहिलं. तळं म्हणजे इतोमोरीचं.

खवय्या_नाशिक: शाकाहारी असाल तर आधी हे वाचा. मिसो सूपमध्येसुद्धा बहुतेक वेळा माशाचा अर्क असतो, त्याला दाशी म्हणतात. दशम्या, मेतकूट, चिवडा बरोबर न्याच.

तळेगावकर: जेवणाचं बघू हो. तळ्याचं सांगा कुणीतरी.

नागोयाकर: ताई, इतोमोरी गाव कल्पनेतलं आहे, म्हणून नकाशावर दिसत नाही. तुम्ही गिफू प्रांतातल्या हिदा-फुरुकावाला जा. सिनेमातलं स्टेशन तेच. बाजूच्या पुलावरून खाली रूळ दिसतात, आणि गाडी आत येताना चौकट अगदी तीच जुळते. मी त्यासाठी थंडीत पाऊण तास थांबलो होतो. नायक जुने कागद चाळतो ते वाचनालयही खरं आहे. काउंटरवर विचारा, मगच फोटो काढा, आणि वाचणाऱ्यांचे चेहरे येऊ देऊ नका.

पाऊसवेडा: पण तिथे तळं नाही ना! त्या तळ्याशी चाहते जोडतात ते नागानो प्रांतातलं सुवा. शिंकाई मूळचे नागानोचेच, कोउमीचे. वरच्या तातेइशी बागेतून संध्याकाळी अख्खं तळं आणि काठाचे दिवे दिसतात. ताई, दिवस किती ते अजून सांगितलं नाहीत.

तळेगावकर: तोक्योत उतरतोय. मोकळे अडीच दिवस. रेल्वेचा सात दिवसांचा पास घेऊ का?

नागोयाकर: मग नको. ऑक्टोबर 2023 मध्ये तो 29,650 येनवरून 50,000 झाला. अडीच दिवसांत वसूल होणार नाही.

मेघमल्हार: मी म्हणते कामाकुराचं फाटक करा. 'स्लॅम डंक' या कार्टून मालिकेतलं, मागे समुद्र, पुढून हिरवी एनोदेन गाडी. तोक्योहून एका दिवसात होतं.

पाऊसवेडा: तिथे लोक रस्त्याच्या मधोमध उभे राहतात, रहिवासी कंटाळलेत. आणि ताईंनी ते विचारलंच नाही.

मेघमल्हार: पदपथावरून बघितलं तर कुणाला त्रास होत नाही. मुलांना समुद्र आवडतो, म्हणून सुचवलं.

सह्यभटक्या: त्यापेक्षा तैवानचं जिउफेन बघा, 'स्पिरिटेड अवे'चं गाव.

नागोयाकर: दिग्दर्शक मियाझाकींनीच ते नाकारलंय. त्या सिनेमासाठी तोक्योजवळच्या कोगानेईतलं खुलं वास्तुसंग्रहालय बघावं. तिथल्या जुन्या कागद-दौतीच्या दुकानात छतापर्यंत छोटे खण आहेत. सिनेमातल्या कामाजीच्या बॉयलरच्या खोलीतल्या भिंतीची आठवण होतेच.

तळेगावकर: कृपा करून एकच सांगा. सुवा की फुरुकावा?

पाऊसवेडा: सुवा. शिंजुकूहून अझुसा गाडीने सव्वादोन तासांच्या आसपास. कामी-सुवाला उतरा. बागेपर्यंत चढ आहे, टॅक्सी करा, आणि परतीची गाडी आधी बघून ठेवा. फुरुकावाला एका बाजूनेच चार तास लागतात, गाडी जुळली नाही तर जास्त.

नागोयाकर: लेकीला सिनेमातली खरी जागा हवी असेल तर मी अजूनही फुरुकावाच म्हणेन.

तळेगावकर: आत्ताच तिला विचारलं. म्हणाली, "आई, तळं." तर एक दिवस सुवा. तोक्योतल्या योत्सुयाच्या सुगा देवळाच्या त्या पायऱ्या दुसऱ्या दिवशी. तिथे किती वाजता जावं?

पाऊसवेडा: सकाळी आठच्या आत. आजूबाजूला लोकांची घरं आहेत, हळू बोला. लाल कठडा पायऱ्यांच्या मधोमध आहे. लेकीला वर उभं करा, तुम्ही खाली थांबा.